पिवळ्या पट्ट्याच्या आतला पाना

माझ्या नोकरीतली नऊ वर्षं मी एक चुंबक थंड ठेवण्यात घालवली. असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे फ्रीजमध्ये?" फ्रीज त्यापुढे भट्टी म्हणायचा. आमचं चुंबक शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंशांवर बसलेलं असायचं, आणि ते तिथेच बसलेलं राहावं म्हणून मी याद्या करायचे.

कंपनी डोंबिवलीच्या एमआयडीसीत होती. औषधांना लागणारी रसायनं तिथे बनत. मी राहायला ठाण्यात, नौपाड्याला. कंपनीची बस सकाळी सातला निघून मुंब्रा, शीळफाटा करत पावणेनऊला गेटवर पोचवायची. त्या पावणेदोन तासांत मी दिवसाची यादी लिहायचे. बसमधल्या बायका भाजी निवडायच्या, मी कामं निवडायचे.

यंत्र काय होतं ते आधी सांगते. पेन्सिलीएवढ्या काचेच्या नळीत नमुना घालून ती एका अतिशय जोरदार चुंबकाच्या पोटात सोडायची, तिच्यावर रेडिओच्या लहरी टाकायच्या, आणि नमुन्यातले अणू काय उत्तर देतात ते कागदावर उतरवून घ्यायचं. कागदावर शिखरं उमटतात. ती वाचता आली की रसायन खरोखर तेच आहे का आणि त्यात भेसळ किती, हे कळतं. कंपनीचा प्रत्येक मोठा माल शेवटी आमच्या कागदावर अडायचा.

बाहेरूनही नमुने यायचे. कल्याणचे एक छोटे कारखानदार दर महिन्याला नळी घेऊन यायचे आणि खुर्चीच्या कडेवर बसून हळूच म्हणायचे, "मॅडम, ते शिखर जरा उंच आणा ना. पार्टी मोठी आहे." मी त्यांना सांगायचे की मी फोटोग्राफर आहे, ब्यूटी पार्लर नाही. ते हसायचे आणि पुढच्या महिन्यात परत तेच म्हणायचे. एकदा मुख्य कार्यालयातून आलेले हिशेबतपासनीस, मी नको म्हणत असताना, हातातल्या घड्याळासकट यंत्रापाशी गेले. घड्याळ अकरा वाजून वीस मिनिटांवर थांबलं. त्यांनी अहवालात 'यंत्राची कार्यक्षमता समाधानकारक' असं लिहिलं.

यंत्राचं हृदय म्हणजे ते चुंबक. आम्ही त्याला मॅग्नेटच म्हणायचो. चार पायांवर उभी असलेली, माणसापेक्षा उंच, पांढरी टाकी. तिच्या आत द्रवरूप हेलियम, आणि हेलियममध्ये बुडालेलं एका खास धातूच्या तारेचं गुंडाळं. एवढ्या थंडीत त्या तारेचा विजेला होणारा विरोध संपतो. एकदा तिच्यात वीज सोडली, दोन टोकं जोडून कडं पुरं केलं, की बाहेरचा पुरवठा काढून घ्यायचा. वीज आत फिरत राहते. महिने, वर्षं. बटण नाही, दिवा नाही, घरघर नाही. मीटरवर एक युनिट चढत नाही.

ऐकायला हे फार छान वाटतं. सांभाळायला नाही. त्या तारेत चुंबकत्व सरसकट पसरत नाही, केसाच्या हजाराव्या भागाहूनही बारीक अशा दोऱ्यांनी आत शिरतं, आणि प्रत्येक दोऱ्याभोवती विजेचा एक चिमुकला भोवरा फिरत असतो. तार बनवतानाच तिच्यात मुद्दाम बारीक दोष ठेवतात. त्या दोषांमध्ये हे भोवरे अडकून बसतात. अडकलेले आहेत तोवर सगळं ठीक. धक्का बसला, तार जराशी हलली, थोडी ऊब लागली, की एखादा घोळका सुटतो. तो सरकला की आणखी ऊब, त्या उबेने शेजारचे सुटतात, आणि काही सेकंदांत सगळी तार साधी तार होते. आतली सगळी शक्ती हेलियममध्ये उतरते, हेलियम उकळून पांढऱ्या ढगासारखा छतापर्यंत जातो, आणि मॅग्नेट मेलेलं असतं. याला क्वेंच म्हणतात. पुन्हा जिवंत करायचं तर परदेशी कंपनीचा इंजिनिअर, टाक्याच्या टाक्या हेलियम आणि कित्येक आठवडे.

ज्या इंजिनिअरने ते बसवलं, ते बंगलोरचे सुब्रमण्यम. त्यांनी मला पहिल्याच दिवशी एक शब्द दिला होता, मेटास्टेबल. मी त्याचं माझ्यापुरतं मराठी केलं: मुंब्र्याच्या चढावर चाकाखाली दगड लावून उभी केलेली हातगाडी. उभी आहे. वर्षभरही उभी राहील. पण उभी आहे म्हणजे स्थिर आहे असं नव्हे.

हे कळल्यापासून मला शांत झोप लागली नाही असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण रविवारी पोळ्या लाटताना मनात बुडबुडे मोजायचे, हे खरं. टाकीतून सतत थोडा हेलियम वायू होऊन बाहेर पडतो. तो एका रबरी नळीतून तेलाच्या बाटलीत सोडलेला होता. त्या बाटलीतले बुडबुडे म्हणजे मॅग्नेटची नाडी. मिनिटाला बत्तीस. रोज सकाळी आल्यावर आणि संध्याकाळी निघताना मी घड्याळ लावून मोजायचे आणि वहीत लिहायचे. घड्याळ अर्थात पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर.

पिवळा पट्टा मीच जमिनीवर रंगवून घेतला होता. त्याच्या आत लोखंड न्यायचं नाही. दारावर मी टाइप केलेली मराठी यादी होती, चौदा कलमांची. किल्ल्या, पिना, चाकू, हत्यारं, चाकाची खुर्ची, सगळं होतं. यादीच्या डोक्यावर एक ओळ होती: 'मॅग्नेट चालू असताना खालील वस्तू आत आणू नयेत.' ही ओळ लक्षात ठेवा.

आता बाळाराम भोईर. हे आमच्या खात्याचे फिटर. डोंबिवलीजवळच्या एका आगरी गावातले. गावाची जमीन एमआयडीसीत गेली, तेव्हा वडिलांच्या खाचरांवर जो कारखाना उभा राहिला त्याच्या शेजारच्याच, म्हणजे आमच्या कारखान्यात हे पाच वर्षं टेंपररी होते. चाळिशीचे, बुटके, कमी बोलणारे. एअर कंडिशनर, नायट्रोजनची लाइन, पंप, सगळं त्यांच्याकडे. हेलियम भरायला दोन माणसं लागतात, त्यात दुसरे नेहमी भोईर. त्या वर्षी दिवाळीला कायम होणाऱ्यांची यादी लागणार होती आणि तीत त्यांचं नाव होतं. त्यांच्या घरी पाच वर्षं त्या यादीची वाट पाहिली जात होती, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं.

मी मॅग्नेटचं काम समजावताना भोवऱ्यांचं सांगितलं, तेव्हा त्यांनी थोडा विचार केला होता. "म्हंजे खाडीन खुटं मारतान ना जाल्याला," ते म्हणाले, "भरतीचा पानी खुटाला धरून फिरतं, तसा." मी हो म्हटलं. "मंग खुटा सुटला तं?" मी म्हटलं, तेच तर. त्या दिवसानंतर मी कोणालाही भोवरे समजावले ते त्यांच्याच शब्दांत.

खंडेनवमी आली. आमच्याकडे कारखान्यांत हा मोठा दिवस. सकाळीच सगळी यंत्रं बंद करतात, धुतात, पुसतात, झेंडूच्या माळा घालतात. आणि कामगार आपापली हत्यारं आणून आपल्या यंत्रापुढे ठेवतात. ज्याच्यावर पोट चालतं, त्याला त्या दिवशी विश्रांती आणि हळदकुंकू. माझी खंडेनवमीचीही यादी होती. कन्सोल बंद, संगणक बंद, एअर कंडिशनर बंद, नारळ दाराबाहेर फोडायचा, माळ सुतळीत ओवायची, तारेत नाही. सगळ्यावर खुणा करून, दार लोटून, मी पलीकडच्या इमारतीत आरतीला गेले. कुलूप लावलं नाही. प्रसाद घेऊन पाहुणे येणार होते.

वीस मिनिटांनी परत आले तर दार उघडं. भोईर पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर भिंतीला पाठ लावून उभे, अनवाणी, हात जोडलेले. मला वाटलं पूजा चालली आहे. मग दिसलं. टाकीच्या तळाच्या कडेला त्यांचा मोठा पाइप पाना चिकटलेला होता. दोन किलोचा असेल. दांड्यावर हळदीची बोटं ओढलेली, आणि पाना आणि टाकी यांच्या मधे एक झेंडू चिरडून बसलेला. खाली लाकडी पाट, त्यावर कुंकवाची वाटी कलंडलेली.

"मॅडम," ते म्हणाले, "बंद व्हता म्हून आनला."

बाकीचे फिटर आपली हत्यारं बॉयलरपुढे ठेवत होते. भोईरांना वाटलं, आपलं यंत्र हे. आले, दारावरची यादी वाचली. मॅग्नेट चालू असताना आणू नये. आत पाहिलं. दिवे नाहीत, पंखा नाही, पडदा काळा. खंडेनवमी. कारखान्यातलं झाडून सगळं बंद. त्यांनी पाट मांडला, पाना ठेवला, हळद लावली, आणि फूल वाहायला हात पुढे केला तेव्हा पाना उडाला.

मी आधी बाटलीकडे गेले. बुडबुडे पंचावन्न. पाच मिनिटांनी सत्तेचाळीस. अर्ध्या तासाने चौतीस. आणि चौतिसावर थांबले. बत्तीस नाही, चौतीस. ते दोन जास्तीचे बुडबुडे पुढचे अकरा दिवस माझ्या कानात होते.

मॅग्नेट मेलं नव्हतं. पण पाना ओढावा तर टाकी हलणार, टाकी हलली तर तार हलणार. ठेवावा तर कागदावरची शिखरं फिसकटणार, काम बंद. मी बंगलोरला ट्रंक कॉल लावला. सुब्रमण्यम सणाला गावी गेले होते. त्यांच्या सहकाऱ्याने एवढंच सांगितलं की हात लावू नका, ते येत्या नव्हे, त्यापुढच्या मंगळवारी येतील. म्हणजे अकरा दिवस.

फोन ठेवला आणि मी माझ्या सवयीप्रमाणे वागले. चूक दिसली की दुरुस्त करायची, हा माझा नियम. दारावरची यादी काढली, टाइपरायटरवर नवी केली. पहिली ओळ: 'मॅग्नेट कधीही बंद नसते. खालील वस्तू कधीही आत आणू नयेत.' ती चिकटवली. जुना कागद भोकं पाडून, तारीख टाकून, जुन्या याद्यांच्या फाइलीत लावला. दहा मिनिटांत काम झालं. मला त्यात काही लपवायचं नव्हतं. हे मी आजही खात्रीने सांगू शकते. त्यानंतरच्या दिवसांबद्दल सांगू शकत नाही.

दसऱ्याला आणि रविवारी मी एसटीने येऊन बुडबुडे मोजून गेले. घरी सोनं वाटणाऱ्यांना वाटलं, बाई फारच कामसू. सोमवारी आमचे वर्क्स मॅनेजर राजाध्यक्ष साहेब पाहायला आले. स्वभावाने वाईट नव्हते, पण ते यंत्र आणायला त्यांनी मुख्य कार्यालयाशी दोन वर्षं भांडण केलं होतं. ते दारात थांबले, चष्मा लावला आणि यादी मोठ्याने वाचली.

"'कधीही बंद नसते.' याहून स्वच्छ काय लिहायचं?" ते भोईरांकडे वळून म्हणाले. "वाचता येतं ना तुम्हाला?"

भोईर सातवी शिकलेले. त्यांनी कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "येतं," ते म्हणाले.

त्या क्षणी मला एकच वाक्य बोलायचं होतं. साहेब, हा कागद शुक्रवारी दुपारचा आहे. मी ते बोलले नाही. साहेबांनी जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं की मॅग्नेट वाचलं तर पाहू, गेलं तर भोईरांचं नाव यादीतून काढावं लागेल. टेंपररी माणसाला चौकशी तरी कशाला हवी? तोवर त्यांना माझ्याशिवाय आत सोडायचं नाही.

मी स्वतःला समजावलं. मॅग्नेट वाचेल. वाचलं की विषयच संपेल. मग कागद कुठला, कोणाचा, हे कोणी विचारणार नाही. रोज सकाळी गेटवर उतरल्यावर छतावर पांढरा ढग दिसत नाही ना, हे आधी पाहायचे. मग चौतीस. चौतीस असले की दिवसभर गप्प राहायला बरं पडायचं.

पण हेलियमची मात्रा माझ्या गप्प बसण्याची वाट पाहत नव्हती. ते दोन जास्तीचे बुडबुडे कुठून तरी येतच होते. गेजवर चौतीस टक्के होतं, मग तेहतीस. तिसाच्या खाली तारेची वरची कडी उघडी पडण्याची भीती. भरायचं ठरलेलं गुरुवारी, आणि पाना तसाच चिकटलेला. सकाळी दहाला येणारा टेंपो दुपारी अडीचपर्यंत नाही. फोन करून कळलं की माजिवड्याहून वेळेवर निघालाय. मग समजलं की शीळफाट्याला दोन ट्रक आडवे झालेत. हेलियम उन्हात उभ्या टेंपोतही उडत असतो, थांबत नाही. मी गेटवर उभी राहून वहीत हिशेब करत होते, किती निघालं असेल, किती उरलं असेल, किती पुरेल. टेंपो चारला आला. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तुमची गॅस शिट्टी मारत होती सगळ्या रस्त्याने, पोरं जमली बघायला."

भरण्यात सगळ्यात नाजूक वेळ सुरुवातीची. एका लांब वाकड्या नळीने हेलियम टाकीत सोडतात. ती नळी आधी थंड व्हावी लागते. गरम नळी आत घातली तर पहिली फुंकर गरम वायूची जाते आणि तीच मॅग्नेटला मारते. म्हणून नळीचं तोंड बाहेर हवेत धरून थांबायचं. आधी नुसती वाफ येते, मग वाफ दाट होते, मग तोंडाशी एक छोटी पांढरी जीभ दिसते, स्थिर. ती दिसली की दहा सेकंदांत नळी आत. भोईर नळी धरून उभे, मी शिडीवर झाकणाशी. पाना भोईरांच्या गुडघ्यांच्या उंचीवर. दोघेही त्याच्याकडे न पाहता उभे होतो. वाफ येत होती. या वेळेला तीन-चार मिनिटं बोलायला काही नसतं.

"मॅडम," भोईर नळीच्या तोंडावरची नजर न काढता म्हणाले, "यो कागद नवा हाय ना?"

मी हो म्हटलं.

"मंग बरा," ते म्हणाले. "मना वाटला, मीच नीट वाचला नाय."

लगेच ते म्हणाले, "आली, मॅडम," आणि खरंच जीभ आली होती. झाकण काढलं, नळी आत गेली. मी कान टाकीला लावल्यासारखी उभी राहिले. काही झालं नाही. पाऊण तासाने गेजवर एक्क्याऐंशी टक्के. भोईरांनी नळी पुसून ठेवली, हातमोजे काढले आणि मला वहीत लिहायला वेळ आणि आकडा सांगितला. रोजच्यासारखा.

शुक्रवारी सकाळी मी जुन्या याद्यांची फाइल आणि दारावरचा नवा कागद घेऊन राजाध्यक्ष साहेबांकडे गेले. मॅग्नेट अजून वाचलेलं नव्हतं, गेलेलंही नव्हतं. तोच काय तो माझा थोडा अभिमान. निकाल लागल्यावर गेले असते तर जाण्याला अर्थ नव्हता. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. जुन्यावर टाकलेली तारीख पाहिली.

"हे सोमवारी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं नाही," मी म्हटलं. कारणांची यादी मी बसमध्ये केली होती, सात कलमांची. ती पर्समधून काढली नाही.

"तुम्हाला कळतंय ना? मॅग्नेट गेलं तर आता एक नाव नाही, दोन नावं वर जातील."

मी म्हटलं, कळतंय.

मंगळवारी सुब्रमण्यम आले. त्यांनी पाना पाहिला, चिरडलेला झेंडू पाहिला, आणि एवढंच म्हणाले की त्यांच्या देशभरच्या मॅग्नेटांत फुलांसकट अडकलेलं हे पहिलंच हत्यार. बाहेर ओढायचा नाही, असं त्यांनीही सांगितलं. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने कमी होते, म्हणून त्याला तसूतसूने दूर न्यायचं. भोईरांनी घरून सागाच्या पाचरी आणल्या होत्या. गावात गाळात रुतलेली होडी अशीच उचलतात. दर वेळी एक पातळ पाचर मधे सरकवायची, दोन बाजूंनी नायलॉनचे दोर ताणून ठेवायचे म्हणजे पाना मागे झेप घेणार नाही, मग थांबायचं, बुडबुडे मोजायचे, मग दुसरी पाचर. मोजायचं काम माझं. चाळीस. अडतीस. पुढची. त्रेपन्न. थांबा. सगळे थांबले. भोईरांचे दोर धरलेले हात जागचे हलले नाहीत. एक्केचाळीस. पुढची. दोन तास वीस मिनिटं हे चाललं. सहावी पाचर गेल्यावर पाना एकदम हलका पडला, दोरांत लोंबला, आणि भोईर त्याला मागे मागे नेत पट्ट्याबाहेर घेऊन गेले, एखादं तान्हं मूल झोपेतून उठू नये तसे.

मी बाटलीपाशी बसून राहिले. साठ. बावन्न. बेचाळीस. संध्याकाळी बत्तीस.

मॅग्नेट वाचलं. साहेबांनी मला मेमो दिला, नोकरीतला पहिला आणि शेवटचा. मी तो फाइलला लावला. भोईरांचं नाव दिवाळीच्या यादीत आलं नाही. प्रकरण ताजं आहे, असं मुख्य कार्यालयाचं म्हणणं पडलं. ते पुढच्या गुढीपाडव्याला आलं. ते पाच महिने त्यांचे गेले, माझे नाही. हे मी कुठल्या फाइलीला लावायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

एक बदल मात्र झाला. त्यानंतर माझा कुठलाही कागद दारावर लागण्याआधी भोईर वाचायचे. मी सांगायचे, यात चूक कशी करता येईल ते शोधा. ते शोधायचे. "हितं लिवलाय हातमोजे घालावे. कंचे? यो रबरी घालून येल कोन." त्यांनी माझी पंचवीस वर्षांची टाइप करायची ऐट पुरती उतरवली आणि माझ्या याद्या वाचण्यालायक केल्या.

मॅग्नेट बसवल्याला नऊ वर्षं झाल्यावर कंपनीने प्रयोगशाळा दुसरीकडे नेली आणि मॅग्नेट दक्षिणेतल्या एका कॉलेजला विकलं. सुब्रमण्यम त्यातली वीज काढून घ्यायला आले. अर्ध्या दिवसात मीटरचा काटा शून्यावर आला. मी कागद टाइप करून तयार ठेवला होता: 'मॅग्नेट बंद आहे.' त्यांनी खिशातून शाळेतल्या पोरांकडे असतं तसं होकायंत्र काढलं. सुई अजून टाकीकडेच वळत होती. वीज गेली तरी सगळे भोवरे जात नाहीत, ते म्हणाले, काही आपल्या जागी अडकून राहतात. तार गरम होईपर्यंत. मी कागद परत फाइलीत ठेवला. चार दिवस टाकी तशीच गरम होऊ दिली. पाचव्या दिवशी सुई व्हरांड्यात दाखवते तीच दिशा आत दाखवू लागली. मग कागद लावला.

टाकीच्या पायांचे बोल्ट सोडायला भोईर आले, हातात तोच पाना. त्याला तेव्हापासून पिना चिकटायच्या. ते पिवळ्या पट्ट्यापाशी थांबले.

"कागद वाचला, मॅडम."

"मग या."

"तुमीच लिवलाय ना?"

मी हो म्हटलं. ते संशयाने विचारत नव्हते. त्यांनी माझे इतक्या वर्षांचे कागद वाचले होते, त्यांना माहीत होती माझी लिहिण्याची पद्धत. पण पाना त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि पाय पट्ट्याच्या अलीकडेच होते. मी पुढे होऊन तो त्यांच्या हातातून घेतला. पट्टा ओलांडला. सुई पाहिली होती, मीटर पाहिला होता, कागद मी स्वतः टाइप केला होता, आणि तरी माझी मूठ आवळलेली होती. एक पाऊल, दुसरं, तिसरं, टाकीच्या अगदी तळाशी, जिथे झेंडूचा डाग अजून होता.

पाना माझ्या हातात नुसता जड होता.